मधला रकाना

जयेंद्रगंज, लश्कर, ग्वाल्हेर
१९ जानेवारी, सोमवार

ती. मंदाताईस, धाकट्या भालचंद्रचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे वाकणं यंदा निम्मंच; उरलेलं उन्हाळ्यात).

या पत्राबरोबर जी पेटी तुझ्या हातात पडेल ती मी केली आहे. शिसवी लाकूड, बाहेरून साडेतेरा इंच लांब, दहा रुंद, चार उंच, कोपऱ्यांना एकही खिळा नाही, लाकडात लाकूड बसवलेलं. पितळी कडी मी ओतली. आतलं हिरवं कापड मी चिकटवलं आणि ते चिकटवायची खळही मीच शिजवली (मैद्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे झुरळं लागत नाहीत, पेटीत खाण्याचं काही ठेवू नकोस). पत्राचं पाकीटही मीच कापलं. संक्रांतीच्या तिळगुळी गजकाचा डबा वेगळा आहे. गजक मी केलेला नाही, पण तोलला मी आहे: दुकानदार एक किलो म्हणाला, भरला नऊशे ब्याऐंशी, उरलेले अठरा ग्रॅम मी परत जाऊन आणले. पेटीतले एकशे एकोणीस कागद मात्र मी केलेले नाहीत. सगळी भानगड एवढ्यावरूनच झाली, की आधी एकदा ते मी केले होते.

प्रत्येक कागदाचा उजवा वरचा कोपरा कापलेला दिसेल. ते उंदरांचं काम नव्हे. पत्रा कापायच्या कातरीने मीच कापला आहे, प्रत्येकी बावीस मिलिमीटर. कारण पुढे येईल.

भाऊजींचा गुडघा कसा आहे? मागे फोनवर म्हणाले होते, दहापैकी सात दुखतो. तेव्हापासून मी विचार करतो आहे की दहापैकी सात म्हणजे कशाचे सात? त्यांचे दहा आणि माझे दहा एकाच मापाचे आहेत हे कुणी ताडून पाहिलं? (शामला म्हणते, माणसाला दुखतंय म्हटलं की आधी शेकायला पिशवी द्यावी, मग मापं काढावीत. असो. शेकायला सांग.)

तू म्हणशील, एवढं लांबलचक लिहिण्यापेक्षा फोन का केला नाही. केला. अवंतिका उचलत नाही, आणि तू उचलतेस ते ‘भालू, मी स्वयंपाकात आहे’ एवढं सांगायला. दुपारी साडेतीनला कसला गं स्वयंपाक? शिवाय फोनवर कंस टाकता येत नाहीत. आता तू म्हणशील, मला सगळं ठाऊक आहे, पोरीने सांगितलंय. तिने सांगितलं ते एका पारड्यातलं. म्हणून पहिल्यापासून लिहितो.

तुझी लेक अवंतिका दिवाळीनंतर इथे आली ती तिच्या पीएचडीच्या कामाला. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत मराठीबद्दल मनात काय आहे, ते तिथे कसं जाऊन बसतं, कशाने बदलतं आणि मोजायचं कसं. (तिच्या शास्त्रात मनातल्या या झुकावाला अभिवृत्ती म्हणतात. आमच्या धंद्यात त्याला साधा शब्द आहे: पासंग. पारडी रिकामी असतानाच काटा एका बाजूला कलत असेल तर दुसऱ्या बाजूला जो तुकडा बांधावा लागतो तो. माल पडायच्या आधीच माणूस कुठे कलला आहे, एवढंच तर तिला बघायचं होतं.) तिच्याजवळ चोवीस वाक्यांचा एक कागद होता. ‘घरात मुलांशी मराठीतच बोललं पाहिजे’ (हे अकरावं) अशी वाक्यं, आणि प्रत्येकापुढे पाच रकाने: पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत. नऊ दिवस राहिली, घरांची यादी केली आणि नागपूरला परत जाताना एकशे वीस कोरे कागद माझ्या हवाली करून म्हणाली, “मामा, फक्त वाटायचे आणि गोळा करायचे. यात काही दुरुस्त करायचं नाही हं.”

ताई, तूच सांग. तिने हे वाक्य बोलायला नको होतं. मी बत्तीस वर्षं काटे दुरुस्त करतो. दाल बाजारातल्या अर्ध्या दुकानांचे काटे माझ्या हातून गेले आहेत. दहावीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही. जे शिकलो ते उघडून शिकलो. माझ्या हातात एक मापाचं साधन द्यायचं आणि म्हणायचं उघडू नका! मी त्याच दुपारी उघडलं.

पहिला दोष दिसला तो मधला रकाना. ‘सांगता येत नाही.’ आमच्याकडे ज्या काट्याला सांगता येत नाही तो दुरुस्तीला येतो. मी तो रकाना काढून टाकला. माणसाला पळवाट ठेवली की तो पळतो, असं माझं मत होतं (होतं हा शब्द लक्षात ठेव). दुसरा दोष: चोवीसच्या चोवीस वाक्यं मराठीच्या बाजूने कललेली. काट्याची दांडी एका अंगाला लांब असेल तर ते ओळखायची एकच रीत आहे: पारडी बदलून पुन्हा तोलायचं. म्हणून मी सहा उलटी वाक्यं घातली, जसं की ‘घरात मराठीचा हट्ट धरू नये.’ तिसरी सुधारणा: प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात लाल शाईने नाव, गल्ली आणि घर. छाप नसलेलं वजन बाजारात चालत नाही. नाव नसलेलं मत कसं चालेल? सिटी सेंटरला जाऊन स्वतःच्या खर्चाने एकशे वीस नवे कागद छापून घेतले आणि निघालो.

तीन आठवडे हिंडलो. एकशे वीस घरं, एकशे सदुसष्ट चहा, चौतीस वेळा पोहे. निकाल असा आला की त्रेसष्ट घरांनी ‘मराठीतच बोललं पाहिजे’ यालाही सहमत म्हटलं आणि ‘मराठीचा हट्ट धरू नये’ यालाही सहमत. मी हे शामलाला विजयी स्वरात सांगितलं: बघ, त्रेसष्ट घरं खोटं बोलतात! ती डाळ निवडत होती. म्हणाली, “खोटं कशाला बोलतील? दारात आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, म्हणून हो म्हणतात. मीही तुम्हाला तीस वर्षं तेच करते.” (पुढे अवंतिकानेही हेच सांगितलं, आणि वर असंही, की पारडी बदलून विचारायची युक्ती त्यांच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे. म्हणजे मी पुस्तक न उघडता पहिलं वर्ष पास झालो, असा त्याचा अर्थ मी घेतला. तिने तो घेतला नाही.)

मग शामला म्हणाली, “सगळ्या गावाला विचारलंत, तुमचं काय?” मी तिथल्या तिथे अकराव्या वाक्यापुढे ‘पूर्ण सहमत’वर खूण केली, ठसठशीत. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत एक रिकामी बरणी ठेवलेली दिसली. मी तोंडाने हिंदी वाक्य काढलं की ती त्यात एक चिंचोका टाकत होती, हे मला संध्याकाळपर्यंत कळलं नाही. चौऱ्याहत्तर चिंचोके! मी ते सोनारी काट्यावर तोलले: अठ्ठावन्न ग्रॅम चारशे मिलिग्रॅम. त्यातले अकरा मी नाकारले, कारण ती वाक्यं वीज मंडळाच्या माणसाशी दारातून बोललेली होती. तिने अकरा काढून दिले. तरी त्रेसष्ट उरले. (त्रेसष्ट घरं, त्रेसष्ट चिंचोके. मी हा आकडा दोनदा तपासला.) राघवला मी सकाळी उठवतो ते “उठ जा भाई, नौ बज गए” म्हणून, हे मला ठाऊकच नव्हतं. पोरगा सव्वीस वर्षांचा झाला आणि मी त्याच्याशी मराठी बोलतो असं मी छातीठोक सांगत होतो. मन एक सांगतं, तोंड दुसरं. कागद मनाला विचारतो. बरणी तोंडाचं ऐकते. दोन्हींचा मेळ बसत नाही, आणि खोटं दोन्ही बोलत नाहीत, याचं काय करायचं हे मला अजून उमगलेलं नाही.

त्या दिवशी बाबांची आठवण आली. तुला आठवतं का, पानावर कुणी हिंदी शब्द काढला की ते ताटातली लोणच्याची फोड उचलून घ्यायचे? तुझं लोणचं कधी गेलं नाही. माझं आठवड्यातून चारदा जायचं. मी आजवर समजत होतो की मला मराठीचं प्रेम आहे. आता वाटतं, त्यातली निम्मी कैरी आहे. (पण म्हणून प्रेम नाही असंही नाही. बीज कुठलंही असो, झाड सावली देतंच.)

डिसेंबरात अवंतिका कागद न्यायला आली. मी गठ्ठा हातात दिला आणि कौतुकाची वाट बघत उभा राहिलो. पोरीने पहिला कागद पाहिला, दुसरा पाहिला, मग शांतपणे खाटेवर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. “मामा, मधला रकाना?” मी समजावून सांगितलं. मग तिची नजर कोपऱ्यावर गेली. “नावं? मामा, तुम्ही नावं लिहिलीत? मी त्यांना वचन दिलं होतं की नाव कुठेही येणार नाही.” मी म्हटलं, अगं सगळी आपलीच माणसं, कोण बघतंय? ती म्हणाली, एकतीस जानेवारीला तिला काम द्यायचं आहे, हे कागद शून्य आहेत, वर्ष गेलं. जेवली नाही. गठ्ठा खाटेवरच ठेवून दुपारच्या गाडीने निघून गेली, आणि निघताना मामीच्या पाया पडली, माझ्या नाही. माझ्या पायातल्या चपलेकडे बघून नुसती मान हलवली. ते दृश्य मी बारा तारखेपासून रोज तोलतो आहे.

मी माघार घेतली नव्हती, हे स्पष्ट लिहितो. मला वाटत होतं, मी बरोबर आणि शास्त्र चूक. फरक पडला तो उषाताईंमुळे. (आपल्या मागच्या गल्लीतल्या, शिवाजीराव मास्तरांच्या पत्नी, तू त्यांच्याकडे शिवण शिकायचीस.) त्यांचा कागद मी पहिल्या फेरीत बाद केला होता, कारण त्या बाईंनी माझ्या चार रकान्यांच्या मधोमध पट्टीने रेघा मारून स्वतःचा पाचवा रकाना आखला होता आणि अकराव्या वाक्याची खूण त्यात केली होती. जाब विचारायला गेलो. म्हणाल्या, “बैस. बोलू नकोस. नुसता बैस.”

बसलो. त्यांची सून गरिमा भिंडची, माहेरी मराठीचा गंध नाही. आतून आली, म्हणाली, “आई, चहा ठेवू? तुमची गोळी झाली?” अगदी जपून, एकेक शब्द पाय ठेवून बघत. आणि उषाताई, ज्यांच्या नवऱ्याने चाळीस वर्षं मराठी शिकवली, त्या म्हणाल्या, “रहने दे बेटा, तू बैठ, थक गई होगी।” सून सासूच्या भाषेत, सासू सुनेच्या भाषेत. अर्धा तास असंच. नातू आला, त्याने दोघींना दोन्ही भाषांत एकदम पैसे मागितले. गरिमा आत गेल्यावर उषाताई हळूच म्हणाल्या, “आता सांग भालू, घरात मराठीतच बोललं पाहिजे का? हो म्हटलं तर ही पोर दुखावते. नाही म्हटलं तर हे गेले ते दुखावतात. मी कुठे खूण करू? तुझ्या कागदावर जागाच नव्हती, म्हणून मी आखून घेतली.”

ताई, मी उठलो तो तडक दुकानात गेलो आणि बाबांचा मोठा काटा खाली काढला. दोन्ही पारडी रिकामी: काटा मधे. मग दोन्हींत दहा-दहा किलो घातले: काटा मधेच. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखे. एकात काहीच नाही, दुसऱ्यात दांडी वाकेल एवढं ओझं. बत्तीस वर्षं मी हेच बघतो आहे आणि मला हे दिसू नये? ज्याला मी पळवाट म्हणत होतो त्या रकान्यात काही माणसं रिकामी उभी होती हे खरं, पण काही दोन्ही हातांत मणभर धरून उभी होती. मी त्यांची उभं राहायची जागाच काढून घेतली होती. (दोन्हींतला फरक ओळखायची खूण आमच्याकडे आहे: दांडीला बोटाने हलकंच डिवचायचं. रिकामा काटा फडफडतो. भरलेला सावकाश झुलतो. अवंतिकाला सांग, हे तिच्या पुस्तकात असेल तर मला पान नंबर कळव. मी वाईट वाटून घेणार नाही. थोडंसंच घेईन.)

दुसऱ्या दिवसापासून तिने दिलेले मूळ कागद घेऊन, पाच रकान्यांचे, पुन्हा घरोघर फिरलो. पहिल्यांदा लोकांना वाटलं, मी पोह्यांसाठी येतो. प्रत्येक दारात उभं राहून सांगावं लागलं की मागच्या वेळी माझी चूक झाली होती. पहिल्या घरी हे वाक्य तोंडातून निघायला पाच मिनिटं लागली. म्हणून आधी हवापाण्यावर बोललो. दहाव्या घरी दोन मिनिटं. चाळिसाव्या घरी मी ते दारातूनच, चप्पल न काढता सांगितलं. आणि साठाव्या घराच्या सुमाराला माझ्या ध्यानात आलं की मला ते खरंच वाटायला लागलं आहे. आधी वाटलं मग बोललो असं नाही झालं. बोलत गेलो आणि वाटत गेलं. मनाची पारडी अशीही हलतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सतरा तारखेला काम संपलं. एक कुटुंब मधल्या काळात बेंगळुरूला गेलं, म्हणून एकशे एकोणीस. पण अवंतिकाला हेही सांग, की दुसऱ्यांदा विचारलेला माणूस तोच राहिलेला नसतो. मधल्या दीड महिन्यात काही घरांत याच वाक्यांवरून वाद झाले, एका घरात मुलांनी आजीकडून अंकलिपी मागवली, दुसऱ्या घरात सून-सासू दोन दिवस बोलल्या नाहीत. मोजायला गेलो आणि माल हलवून आलो. कुठल्या घरात काय घडलं ते वेगळ्या कागदावर लिहून पेटीत तळाशी ठेवलं आहे, नावाशिवाय. कागद चालतील की नाही ते तिने आणि तिच्या मॅडमनी ठरवावं. चालले नाहीत तर चैत्रात तिने पुन्हा यावं. मी नुसते वाटीन आणि गोळा करीन.

शामला नमस्कार सांगते. राघव आज सकाळी “बाबा, उठलो” म्हणाला. बरणी त्यानेही पाहिली आहे.

तुझा,
भालचंद्र

ता. क. १: हे पत्र तुला लिहिलं आहे, पण वाचायचं मोठ्याने आहे, अवंतिका घरात असताना, कंसांसकट. ती उठून जाऊ लागली तर लोणच्याच्या परिच्छेदापासून वाच.

ता. क. २: खरं मागणं हे: तिच्या प्रबंधात आभाराच्या पानावर माझं नाव नको. चुकांचं एखादं पान असेल तर तिथे घाल. तिथेही नाव घालायची रीत नसेल तर ‘एका मामाने’ एवढं चालेल.

ता. क. ३: एकशे एकोणिसांत एक कागद माझा आहे (यादीत आमचंही घर होतं). तो तिने धरू नये, पण बघावा. अकराव्या वाक्यापुढची खूण मधल्या रकान्यात आहे.

ता. क. ४: कोपऱ्यांचं राहिलं. दुसऱ्या फेरीतही मी नावं लिहीतच होतो, पेन्सिलीने का होईना. ती खोड मोडली नव्हती. अवंतिका का चिडली ते मला समजलं नव्हतं, आणि समजावलं ते जयसिंहरावांनी. ते आपल्या वॉर्डातून उभे राहणार आहेत. परवा दुकानात आले, स्टुलावर बसले, माझे काटे वाखाणले आणि म्हणाले, “भालूभाऊ, सुना है आपल्याकडे सव्वाशे घरांचं मन लिहून ठेवलंय. कोण कुठे कलतं, नावानिशी. आम्हाला फक्त एक नजर टाकायची आहे.” आणि काउंटरवर पाकीट ठेवलं. तेव्हा मला एकेक घर दिसलं. उषाताईंनी दबक्या आवाजात सांगितलं ते त्यांनी मला सांगितलं नव्हतं. अवंतिकाच्या वचनाला सांगितलं होतं. खोटं लिहीत नाही, माझा काटा हलला. चार वर्षं मी एका जुन्या लेथ मशीनकडे बघतो आहे, ते त्या पाकिटात आलं असतं. हलला तो फडफडला नाही, सावकाश झुलला, म्हणजे दोन्ही पारड्यांत काहीतरी होतं. मग मी पाकीट उचलून त्यांच्या हातात ठेवलं, चहा पाजला, आणि ते गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत कातर काढली होती. जुने एकशे वीस कागद आणि नवे कोपरे बंबात घातले. दोन बादल्या पाणी तापलं. शामलाला पाण्याचं ठाऊक आहे, पाकिटाचं नाही. अवंतिकाला मात्र जरूर सांग, आणि आकडा चुकवू नकोस: नुसती यादी बघू देण्याचे, नोटांत पन्नास हजार आणि पाकिटाला चिकटवलेलं एक नाणं, एकूण परत केले रुपये पन्नास हजार एक.